सीएमएमवर प्लेनचा निकाल चमत्कारिक आला तर: कारण शोधायची पद्धत

सरफेस प्लेटवर डायल फिरवला तर फेस 12 मायक्रॉनमध्ये आहे आणि सीएमएम (प्रोबने पॉइंट घेऊन मोजणारं कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन) 45 दाखवतंय. हाइट गेजवर उंची 50 मिमी भरते आणि रिपोर्टमध्ये 54 छापून येते. किंवा मिलिंगच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत असताना फ्लॅटनेस (सपाटपणातली चूक) चक्क 0.000 येतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात: प्रोग्रॅम पुन्हा चालवतात किंवा वाईट दिसणारा पॉइंट उडवतात. या दोन्हींनी पुरावाच नाहीसा होतो. दुसऱ्यांदा आकडा बरा आला तरी पहिल्यांदा काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या लॉटला तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

प्लेनचा (फेसवरच्या पॉइंटांतून बसवलेल्या सपाट प्रतलाचा) आकडा चार गोष्टींतून बनतो: जॉब (मोजायचा भाग), त्यावर घेतलेले पॉइंट, त्या पॉइंटांतून प्लेन बसवायची पद्धत आणि तो आकडा ज्या अलाइनमेंटमध्ये वाचला ती अलाइनमेंट (जॉबवर बसवलेली अक्षांची चौकट). रिजेक्शनचा शिक्का मात्र थेट जॉबवर बसतो. म्हणून आधी बाकीचे तीन तपासायचे. त्यांना वेळ कमी लागतो आणि बरेचदा जॉब हलवावाही लागत नाही.

जॉब हलवण्याआधी डेटा साठवा

क्लॅम्प सैल करू नका, टिप (प्रोबच्या टोकाचा बॉल) बदलू नका. त्या प्लेनचे सगळे पॉइंट फाइलमध्ये काढा. प्रत्येक पॉइंटचे एक्स, वाय, झेड, त्याचा व्हेक्टर (पृष्ठभागाची दिशा), बसवलेल्या प्लेनपासूनचं विचलन, वापरलेली टिप आणि मोजणीचा क्रम एवढं त्यात हवं. पीसी-डीमिस, कॅलिप्सो, एमकॉसमॉस या सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरत असाल तरी हा डेटा निघतो, फक्त मेनू वेगळे. सोबत सॉफ्टवेअरने दिलेला प्लेनचा मध्यबिंदू, त्याचे आय-जे-के (दिशेचे एक्स, वाय, झेड घटक) आणि फ्लॅटनेस लिहून ठेवा. पुढची सगळी तपासणी या एका पानावर होते.

चूक टिपच्या मापाची आहे का

हे सगळ्यात आधी पाहायचं, कारण दोन मिनिटांचं काम आहे. आलेला फरक टिपच्या त्रिज्येएवढा किंवा व्यासाएवढा आहे का?

प्रोब मोजतो तो बॉलचा मध्य. पृष्ठभाग मिळवायला सॉफ्टवेअर त्यातून त्रिज्या वजा करतं. 4 मिमी टिपने 50 मिमी उंचीचा वरचा फेस घेतला तर बॉलचा मध्य 52 वर असतो. कॉम्पेन्सेशन (ही वजाबाकी) बंद असेल तर 52 दिसेल, आणि उलट्या बाजूला झालं तर 54. स्लॉटमध्ये दोन्ही भिंती उलट्या धरल्या गेल्या तर रुंदी दोन व्यासांनी, म्हणजे 8 मिमीने कमी येते. एवढा मोठा आणि एवढा ‘गोल’ फरक जॉबमध्ये क्वचितच असतो.

बाजू उलटते ती मुख्यतः दोन कारणांनी. मॅन्युअल मोजणीत बरीच सॉफ्टवेअर प्रोब कोणत्या दिशेने आला यावरून बाजू ठरवतात. जॉयस्टिक तिरकी आली किंवा पॉइंटनंतर भलत्या दिशेला मागे घेतली की घोटाळा होतो. दुसरं कारण कॅडमधलं: मॉडेल सॉलिड नसून नुसत्या सरफेसचं असेल तर एखाद्या सरफेसचा नॉर्मल (लंब दिशा) आतल्या बाजूला वळलेला असतो. त्यावर क्लिक करून घेतलेल्या प्लेनचा के +1 ऐवजी −1 येतो. व्हेक्टर उलटा करून पुन्हा गणित करायला सांगा. पॉइंट पुन्हा घ्यायची गरज सहसा पडत नाही.

फरक त्रिज्येएवढा नाही पण काही शतांश मिलिमीटर आहे, तर सुट्या पॉइंटांच्या कॉम्पेन्सेशनकडे बघा. व्हेक्टर पॉइंट घेताना त्रिज्या ड्रॉइंगच्या नॉर्मलवर वजा होते. खरा फेस त्यापासून कोनाने फिरलेला असेल तर चूक होते त्रिज्या गुणिले (1 वजा त्या कोनाचा कोसाइन). 2 मिमी त्रिज्येला 1 अंशावर ही चूक 0.0003 मिमी, म्हणजे सोडून द्यावी अशी. 5 अंशांवर 0.0076 आणि 10 अंशांवर 0.030 मिमी. कच्च्या कास्टिंगवर पहिल्या, ढोबळ अलाइनमेंटमध्ये 5 अंश सहज असतात. अशा सुट्या पॉइंटांतून प्लेन बांधताना आधी बॉलच्या मध्यांतून प्लेन बसवून मग त्रिज्या वजा करणारा पर्याय निवडा. पीसी-डीमिसमध्ये बीएफ आणि बीएफआरई यांत हाच फरक आहे: बीएफ आधीच कॉम्पेन्सेट झालेले पॉइंट घेतं, बीएफआरई बॉलच्या मध्यांपासून सुरुवात करून पुन्हा कॉम्पेन्सेट करतं.

पॉइंट किती आणि कुठे

फ्लॅटनेस 0.000 आला की पॉइंट मोजा. तीन असतील तर उत्तर तिथेच मिळालं. तिपाई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, तसं तीन पॉइंटांतून प्लेन नेहमी बिनचूक बसतं. फेस केवढाही वाकडा असो. तीन पॉइंट ढोबळ अलाइनमेंटला चालतील, फ्लॅटनेसला कधीच नाही.

चार पॉइंटांचा धोका जास्त फसवा आहे, कारण आकडा खरा वाटतो. 200 × 100 मिमीच्या फेसचे चार कोपरे घ्या. तीन अगदी शून्यावर आहेत, चौथ्यावर 40 मायक्रॉनचा बर (मशीनिंगनंतर उरलेली धातूची कोर) आहे. लीस्ट स्क्वेअर (विचलनांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं) प्लेन या चौघांत वाटणी करतं: प्लेनचा मध्य 10 मायक्रॉन वर जातो, प्लेन लांबीत 20 आणि रुंदीत 20 मायक्रॉन तिरकं होतं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर विचलन उरतं बरोबर 10 मायक्रॉन, कर्णावरच्या एका जोडीवर अधिक, दुसरीवर उणे. फ्लॅटनेस 20. बर 40 चा असून 20 दिसतो. त्याहून वाईट म्हणजे चारही विचलनं सारखीच असल्याने दोषी कोपरा ओळखता येत नाही. अधिक विचलनाच्या दोन कोपऱ्यांपैकी तो कोणताही असू शकतो, किंवा उरलेल्या दोनांपैकी एखादा खाली असू शकतो.

आता त्याच फेसवर तीन बाय तीन असे नऊ पॉइंट घ्या, बर त्याच कोपऱ्यावर. लीस्ट स्क्वेअरने त्या कोपऱ्याचं विचलन +22.2 येतं, त्याला लागून असलेल्या कडांच्या मधल्या दोन पॉइंटांचं −11.1, आणि बाकीचे पॉइंट −4.4 ते +8.9 मध्ये राहतात. फ्लॅटनेस 33.3 मायक्रॉन. दोषी पॉइंट आता लपत नाही. मशीन केलेल्या फेसला किमान नऊ हवेत ते यासाठी. मोठ्या किंवा फ्लॅटनेस घट्ट असलेल्या फेसला 25 पासून पुढे जा, आणि काठापासून निदान टिपच्या त्रिज्येपेक्षा थोडं जास्त आत राहा, म्हणजे बॉल चॅम्फरवर (तिरक्या कापलेल्या कडेवर) बसणार नाही.

बसवायची पद्धत कोणती

वरच्या नऊ पॉइंटांनाच मिनिमम झोनने तपासलं तर फ्लॅटनेस 33.3 ऐवजी 30.0 येतो. जॉब तोच, पॉइंट तेच, फक्त गणित वेगळं. मिनिमम झोन म्हणजे सगळे पॉइंट ज्यांच्यामध्ये मावतात अशा सर्वांत जवळच्या दोन समांतर प्लेनमधलं अंतर. आयएसओ 1101 ची फ्लॅटनेसची व्याख्या हीच आहे. लीस्ट स्क्वेअरचा आकडा त्याच्याएवढा किंवा त्याहून मोठाच येणार. म्हणून टॉलरन्सच्या काठावर रिजेक्ट झालेला जॉब आधी मिनिमम झोनने पाहा. ही पळवाट नाही, ड्रॉइंग तेच मागतं. उलट ग्राहकाकडचा आकडा आणि तुमचा आकडा 5-10 टक्क्यांनी जुळत नसेल तर दोघांच्या सेटिंगची तुलना करा. तिथेच भांडण मिटण्याची शक्यता मोठी.

डेटमसाठी (ज्या फेसपासून मापं धरतात त्यासाठी) मात्र तिसरी पद्धत लागते. प्रत्यक्षात जॉब फिक्स्चरच्या पॅडवर टेकतो तो उंच जागांवर. ते दाखवतं आउटर टँजन्ट प्लेन, जे मटेरियलच्या बाहेरून स्पर्श करतं. लीस्ट स्क्वेअर प्लेन फेसच्या मधोमध जातं, साधारण निम्मा पृष्ठभाग त्याच्या वर असतो. हाइट गेज आणि सीएमएम यांच्यात 10-20 मायक्रॉनचा ठाम, दर वेळी एकाच दिशेचा फरक येत असेल तर पहिला संशय इथे घ्या. पण आउटर टँजन्ट एखाद्या धुळीच्या कणावरही टेकतं, तेव्हा ते वापरताना फेसची सफाई आणि पॉइंटांची संख्या दोन्ही चोख हवीत.

फिल्टर आणि आउटलायर (बाकीच्यांपासून फटकून असलेले पॉइंट) काढायची सेटिंगही इथेच उघडून पाहा. तीन सिग्माच्या (प्रमाण विचलनाच्या तिप्पट) पलीकडचे पॉइंट आपोआप काढायला सांगितलं की धूळ जाते, पण खरा खड्डाही जातो. स्कॅनिंगच्या हजारो पॉइंटांवर फिल्टर लावणं योग्य आहे. टच पॉइंट नऊच असतील तर आउटलायर काढणं बंद ठेवा आणि प्रत्येक पॉइंट डोळ्यांनी पाहा.

झेड कुठला, हे विचारा

प्लेन एकाच पॉइंटला नसतं, तरी सॉफ्टवेअर त्याचा एकच झेड छापतं. बरीच सॉफ्टवेअर तो पॉइंटांच्या मध्यावर देतात, काही ठिकाणी ओरिजिनच्या (शून्यबिंदूच्या) अक्षावर वाढवून मिळतो. फेस तिरका असेल तर हे दोन आकडे वेगळे.

150 मिमी लांब फेस टोकापासून टोकापर्यंत 0.030 मिमी चढतोय असं धरा. म्हणजे मिलिमीटरला 0.0002. ओरिजिन डाव्या टोकाला. मध्यावर, 75 मिमीला, झेड 50.000. ओरिजिनच्या रेषेवर तोच प्लेन 49.985 आणि उजव्या टोकाला 50.015. आता ऑपरेटरने उजवीकडे जास्त पॉइंट घेतले आणि पॉइंटांचा मध्य 110 मिमीवर सरकला, तर झेड 50.007 येईल. दोन शिफ्टमध्ये 7 मायक्रॉनचा फरक, आणि मशीन, जॉब, टिप सगळं ठीक. पॉइंट सारख्या अंतरावर पसरले की हा प्रकार थांबतो.

हा तिरकेपणा के बघून कळत नाही. वरच्या फेसचा के चार दशांशांत 1.0000 च छापला जातो. आय आणि जे बघा: तिथे 0.0002 दिसेल, तोच उतार. तीन दशांशांचा डिस्प्ले असेल तर तेही 0.000 होतं, म्हणून व्हेक्टर निदान सहा दशांशांत दिसेल असं सेटिंग करून ठेवा.

दोन प्लेनमधलं अंतर हा याच प्रश्नाचा मोठा भाऊ. एका प्लेनच्या मध्यापासून दुसऱ्याला लंब टाकून अंतर काढलं जातं आणि लंब कोणाचा, हे निवडीच्या क्रमावर ठरतं. दोन मध्य आडव्या दिशेने 120 मिमी दूर आहेत आणि दोन फेसमध्ये मिलिमीटरला 0.0002 चा कोन आहे, तर क्रम उलटा केल्यावर अंतर 0.024 मिमीने बदलतं. ड्रॉइंगमध्ये डेटम ज्या फेसला आहे त्याचाच लंब घ्या. दोन्ही फेस बरोबरीचे असतील तर समोरासमोरच्या पॉइंटांतली किमान आणि कमाल जाडीही द्या; एका आकड्यापेक्षा ती जास्त सांगते.

अलाइनमेंट

छोट्या डेटम फेसवर लांबचा जॉब लेव्हल केला की चूक गुणाकाराने वाढते. 20 मिमी रुंद पॅडवर 3 मायक्रॉनची गडबड असेल तर 400 मिमी अंतरावर ती 60 मायक्रॉन होते. तिकडचा फेस मग समांतर नाही असं दिसतं आणि सगळे त्या फेसची मशीनिंग तपासत बसतात. ओळखायची खूण सोपी: एकाच दिशेने जाल तसं सगळ्याच फीचरचं विचलन सरळ रेषेत वाढत जातं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्लेनवर लेव्हल केलं, पण झेडचा ओरिजिन त्यावर आणलाच नाही. कोन बरोबर, उंची भलती. तिसरी, मॅन्युअल अलाइनमेंटवरच पुढचं सगळं मोजणं. मॅन्युअल अलाइनमेंट मशीनला जॉब कुठे आहे एवढंच सांगण्यासाठी असते. तिच्या आधारे तेच डेटम फेस ऑटोमध्ये पुन्हा घ्या आणि मग मोजणी सुरू करा. रिपोर्ट कोणत्या अलाइनमेंटमध्ये आहे हेही वाचा. मधल्या एखाद्या फीचरसाठी जुनी अलाइनमेंट परत बोलावलेली असते आणि नंतर ती तशीच राहून जाते.

विचलनांचा नकाशा वाचा

इथवर काही सापडलं नाही तर आता विचलनं दोनदा मांडा: एकदा फेसवरच्या जागेप्रमाणे आणि एकदा मोजणीच्या क्रमाने. दुसरी मांडणी फार कमी जण करतात, आणि ती नसल्यामुळे निम्मी कारणं दिसत नाहीत.

क्रमाने मांडल्यावर आठव्या पॉइंटापर्यंत सगळं शून्याच्या आसपास आणि नवव्यापासून अचानक 15 मायक्रॉन वर, असं दिसलं तर तिथे काय बदललं ते पाहा. टिपचा कोन बदलला असेल तर दोन्ही टिप एकाच रेफरन्स स्फिअरवर नव्याने क्वालिफाय (कॅलिब्रेट) करा. टिप तीच असेल तर जॉब सरकला. पायरीऐवजी सावकाश उतार दिसला तर तापमान किंवा सैल होत चाललेला स्टायलस (टिप धरणारा भाग). यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या प्लेनच्या शेवटी पहिला पॉइंट पुन्हा घ्यायची सवय लावा. दोन्हींत मशीनच्या रिपीटेबिलिटीपेक्षा जास्त फरक आला तर मधल्या कोणत्याच पॉइंटावर विसंबू नका.

जागेप्रमाणे मांडल्यावर एकच पॉइंट उंच असेल तर तिथे लिंट-फ्री कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तोच पॉइंट पुन्हा घ्या, शिवाय त्याच्या चहूबाजूंनी 2 मिमीवर चार घ्या. पुसल्यावर गेला तर कूलंट किंवा धूळ. राहिला आणि शेजारचे चार ठीक असतील तर बर किंवा ओरखडा. चारही शेजारी चढत असतील तर फेसच तसा आहे. पायरीच्या भिंतीलगतचे पॉइंट तेवढे बिघडले असतील तर बॉलऐवजी स्टायलसची दांडी लागतेय का ते भिंगाने पाहा. कडा उंच आणि मध्य खोल असेल तर मिलिंग स्पिंडल फीडच्या दिशेत किंचित कललेला असू शकतो. फेस मिलने तशी वाटी पडते. कर्णावरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली, हा पीळ बहुतेक वेळा चार पॅडवर क्लॅम्प केल्याचा असतो.

अॅल्युमिनियम स्कॅन करत असाल तर बॉलकडे खास लक्ष द्या. रुबीवर अॅल्युमिनियम चिकटून थर बसतो आणि आकडे हळूहळू वाढत जातात. तिथे सिलिकॉन नायट्राइडचा बॉल वापरा. बिडाच्या कास्टिंगवर मात्र सिलिकॉन नायट्राइड झिजतो.

जॉब की मशीन

आता जॉबला हात लावा. आधी काहीही न हलवता तेच प्लेन पाच वेळा मोजा. पाचांत आकडा नाचत असेल तर प्रोब, स्टायलसचे जोड, एअर प्रेशर आणि कंपन तपासा. स्थिर असेल तर क्लॅम्प सैल करा, जॉब तीन आधारांवर ठेवा आणि पुन्हा मोजा. फ्लॅटनेस उतरला तर क्लॅम्प जॉबला वाकवत होता. ड्रॉइंगवर मुक्त अवस्थेचा उल्लेख आहे की क्लॅम्प केलेल्या, यावर कोणता आकडा रिपोर्टमध्ये जाईल ते ठरतं.

मग जॉब टेबलावर 180 अंश फिरवा. उंच जागा जॉबबरोबर फिरली तर ती जॉबची. टेबलाच्या त्याच कोपऱ्याकडे राहिली तर मशीन किंवा खोलीचं तापमान.

प्रोबिंगची झटपट परीक्षा हवी असेल तर 50 मिमीचा स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) घ्या आणि त्याच्या फेसवर नऊ पॉइंटांचं प्लेन मोजा. चांगल्या स्लिप गेजचा फेस पाव मायक्रॉनच्या आत सपाट असतो, तेव्हा जो फ्लॅटनेस दिसेल तो जवळपास सगळा प्रोबिंगचा. तो 3 मायक्रॉन येत असेल तर त्या सेटअपवर 4 मायक्रॉनचा फ्लॅटनेस पास किंवा फेल करू नका. गेजचा फेस 9 × 35 मिमीचा असल्याने लांब पल्ल्यावरची मशीनची भूमिती यातून कळत नाही. त्यासाठी आयएसओ 10360 प्रमाणेची मशीनची पडताळणीच लागते.

तापमान

मोजणीचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सियस. 500 मिमीचा अॅल्युमिनियमचा जॉब 26 अंशांवर 0.069 मिमी लांब भरतो, स्टीलचा साधारण 0.035. फ्लॅटनेसला मात्र सरासरी तापमानापेक्षा वरच्या आणि खालच्या बाजूंतला फरक घातक असतो. 300 मिमी लांब, 30 मिमी जाड स्टीलच्या प्लेटला वर-खाली फक्त 1 अंशाचा फरक असेल तर ती 4 मायक्रॉनहून थोडी जास्त कमान घेते. वॉशिंग मशीनमधून काढून थेट ग्रॅनाइटवर ठेवलेल्या जॉबला हा फरक सहज असतो. एप्रिल-मे महिन्यात चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवरून एसी खोलीत आणलेल्या कास्टिंगला काही तास द्यावेच लागतात. सॉफ्टवेअरचं तापमान कॉम्पेन्सेशन लांबी दुरुस्त करतं, कमान दुरुस्त करत नाही.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

कारण सापडल्यावर दुरुस्त केलेल्या निकालासोबत पॉइंटांची संख्या, बसवायची पद्धत, फिल्टर आणि आउटलायरची स्थिती, झेड कुठे वाचला, टिपचा व्यास, क्लॅम्प होता की नव्हता आणि जॉबचं तापमान एवढं लिहा. काढून टाकलेला पॉइंट असेल तर त्याचे कोऑर्डिनेट आणि काढायचं कारणही लिहा, आणि पहिल्या, चमत्कारिक मोजणीची फाइल त्याच जॉब नंबरखाली ठेवा.